विरघळवायचं इंजेक्शन

ताईला घरी ताई म्हणत, कामावरही ताईच म्हणत. संध्याकाळच्या बातम्यांत पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात ती उभी राहिली, की तिला प्रत्यक्ष कधी न पाहिलेली माणसंही आपापल्या घरी 'आल्या बघा ताई' असं म्हणत. फरक एवढाच, की ती माणसं हे तोंडाने नाही, हातांनी म्हणत. ताई खुणांच्या भाषेची दुभाषी होती. बातम्या सांगणारा बोलायचा आणि ताई ते बोलणं न ऐकू येणाऱ्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचवायची.

लोकांना वाटतं, हे सगळं हातांचं काम. तसं ते नसतं. हात शब्द सांगतात, सूर सांगतो तो चेहरा. भुवया वर गेल्या की प्रश्न, गाल फुगले की ढीगभर, ओठ आवळले की चिमूटभर. चेहरा कोरा ठेवून खुणा करणं म्हणजे एका पट्टीत पाढे म्हणणं. ताईचा चेहरा मात्र असा होता, की पावसाचा अंदाज सांगतानाही बघणाऱ्याने उठून खिडकी लावावी.

ही भाषा ती कुठल्या वर्गात शिकली नव्हती. तिच्या आईवडिलांना, दोघांनाही, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वडील पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते, आई घरी शिवणकाम करायची. ताई बोलायला शिकली ती आधी बोटांनी, मग तोंडाने. धाकटी बहीण खूप उशिरा झाली, आणि इतकी इवलीशी, की तिचं नाव बिट्टीच पडलं. बिट्टी पाळण्यात रडली, की ते घरात ऐकू जायचं फक्त ताईला. ताईनेच धावत जाऊन आईचा पदर ओढायचा. पुढे बिट्टीच्या शाळेत पालकांना बोलावलं की ताईच आईशेजारी बसायची. बाईंनी दहा तक्रारी केल्या, तर त्यातल्या चारच ताईच्या हातांतून आईपर्यंत पोचायच्या. बिट्टी बाकाखालून ताईचा पाय दाबायची.

अशी ती बिट्टी पुढे त्वचारोगाची डॉक्टर झाली. स्वतःचं क्लिनिक काढलं. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या खुर्च्या, दारातच सुगंधी वाफ सोडणारं एक यंत्र, आणि आतल्या खोलीत औषधांचा बुटका फ्रिज. तिथे खरूज-नायटा घेऊन कुणी येत नसे. सुरकुत्या, डाग, सैल पडलेली हनुवटी, पातळ ओठ अशा तक्रारींची माणसं येत आणि सुया टोचून घेऊन खुशीत जात. वडील आता ताईजवळ राहत होते. आई गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. ताईने लग्न केलं नव्हतं. बिट्टीचं नाव निघालं की बाबा अंगठा छातीवर टेकवून तो वर उचलत. आमची ती, अशी ती खूण.

ताईने पन्नाशी ओलांडली त्या सुमाराला स्टुडिओत नवे कॅमेरे आले. त्यांना सगळं दिसायचं. रंगभूषा करणारा माणूस एकदा पावडरचा पफ हातात धरून म्हणाला, "ताई, रागावू नका, पण या दोन रेषांत पावडर जाऊन बसते. दिव्याखाली पांढरे ओहोळ दिसतात." नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या रेषा. ताई काही रागावली नाही. पण रविवारी बिट्टी बाबांना भेटायला आली तेव्हा हसत हसत तिने ते सांगितलं.

"मग मी कशाला बसलेय?" बिट्टी म्हणाली. "उद्या ये. अर्ध्या तासाचं काम."

"नको गं बाई. माझा चेहरा हलायला पाहिजे. तो थिजला तर मी भाकऱ्या भाजू का?"

"थिजवतं ते औषध वेगळं." बिट्टीने मांडी ठोकली. या विषयावर बोलायला तिला मनापासून आवडायचं. "ते एका जंतूचं विष असतं. अगदी कणभर टोचायचं, स्नायू तीन-चार महिने झोपी जातो. ते कपाळाला. तुला ते मी देणारच नाही. तुला हायलुरॉनिक ॲसिड. नावाला घाबरू नकोस, जाळत-बिळत नाही काही. तुझ्या-माझ्या कातडीत ते मुळातच असतं, पाणी धरून ठेवतं. वय झालं की कमी होतं, म्हणून रेषा पडतात. जेवढं कमी झालं तेवढं भरायचं. वर्षभरात शरीर आपोआप जिरवून टाकतं."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर विरघळवायचं इंजेक्शन आहेच की. हायलुरोनिडेज. ते टोचलं की एक-दोन दिवसांत सगळं पाणी. होतं तसं."

हे शेवटचं वाक्य ऐकून ताई तयार झाली. जे परत फिरवता येतं त्याला काय भ्यायचं? आणि टोचणार कोण, तर बिट्टी. दुसऱ्या दिवशी ती क्लिनिकमधल्या कलत्या खुर्चीत डोळे मिटून पडली. आधी गार मलम, मग बारीकशी टोच, मग कातडीखाली काहीतरी सरकल्याची भावना. बिट्टीने आधीचे आणि नंतरचे फोटो काढले. "रेकॉर्डला," ती म्हणाली.

काम झालं मोठं झकास. सूज उतरल्यावर ताईने आरशात पाहिलं आणि स्वतःशीच हसली. कुणी काही केलंय असं वाटू नये, नुसती चार दिवस छान झोप झाल्यासारखं वाटावं, इतकं बेमालूम. रंगभूषावाल्याने कानाला हात लावला. बाबांनी मात्र तिच्याकडे बराच वेळ पाहून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

पाच-सहा महिने असे मजेत गेले. मग एका सकाळी तोंड धुताना ताईच्या बोटांना ओठाच्या डाव्या कोपऱ्याजवळ काहीतरी लागलं. कातडीच्या आत, वाटाण्याएवढं, कडक. दाबलं तर दुखेना, हलवलं तर हलेना. पुरळ असेल म्हणून तिने दुर्लक्ष केलं. पुरळ चार दिवसांत जातं. हे मात्र वाढत गेलं, लांबट झालं आणि तोंडाचा तो कोपरा धरून बसल्यासारखं झालं. ताई हसली की उजवी बाजू वर जायची, डावी मागे राहायची.

सर्वांत आधी ते ओळखलं बाबांनी. जेवताना त्यांनी टेबलावर दोनदा हात आपटला, म्हणजे माझ्याकडे बघ, आणि विचारलं, "माझ्यावर कशाला चिडलीस?"

"मी? नाही चिडले."

"हात म्हणतात नाही. तोंड म्हणतं हो."

मग ते बाहेरही सुरू झालं. पाणीखात्याच्या मंत्र्याने जाहीर केलं, की आता नळाला दिवसभर पाणी येईल. ताईने ते जसंच्या तसं खुणांत सांगितलं. पण तोंडाचा डावा कोपरा खालीच राहिला, आणि बघणाऱ्यांना ते असं दिसलं, की 'हं, म्हणे पाणी येईल'. दुसऱ्या दिवशी कचेरीत एका प्रेक्षकाचा निरोप आला, ताईंनी मंत्र्यांची काय झकास खेचली. ताईला हसावं का रडावं ते कळेना. आठवड्याने दुसरा निरोप आला, तो खेचणारा नव्हता. पुरात माणसं वाहून गेल्याची बातमी होती, आणि त्या गावच्या एका बाईने विचारलं होतं, आमची माणसं मेली त्यावर तुम्ही नाक का मुरडलंत?

वरिष्ठांनी ताईला बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, आपल्या पोरांची परीक्षा-बिरीक्षा असं इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "चेहऱ्याचं काय ते बघून घ्या. तोवर सुट्टी समजा." ताई बाहेर आली तेव्हा तिच्या चौकोनात दुसरी मुलगी उभी राहायची तयारी करत होती.

या सगळ्या दिवसांत ताई बिट्टीकडे जात नव्हती असं नाही. सारखी जात होती. बिट्टी आधी म्हणाली, सूज आहे, शेक दे. मग म्हणाली, मालिश कर, बसेल. मग उजव्या बाजूलाही तसाच एक वाटाणा हाताला लागला, तेव्हा ताई म्हणाली, "बिट्टी, पुरे झालं. ते तुझं विरघळवायचं इंजेक्शन दे आणि मोकळी कर मला."

"देते," बिट्टी म्हणाली. तोंडावर मास्क चढवला, पाठ वळवून ट्रेमधल्या बाटलीतून सिरिंज भरली आणि तशीच पाठमोरी बोलत राहिली, की कधीकधी उशीर लागतो, प्रत्येकाचं शरीर वेगळं. ज्या घरात समोर पाहिल्याशिवाय बोलताच येत नसे त्या घरातली ती मुलगी. ताईला ते जरासं खटकलं. पण डॉक्टर माणूस, हात कामात, असं तिने मनाशी म्हटलं. इंजेक्शन झालं. काही विरघळलं नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा झालं. तेव्हाही नाही.

"हट्टी असतं कधीकधी," बिट्टी म्हणाली.

शेवटी स्टुडिओतल्या कुणीतरी सुचवलं म्हणून ताई मोठ्या सरकारी रुग्णालयात गेली. तिथली त्वचेची डॉक्टर पिकल्या केसांची, तुटक बोलणारी बाई होती. तिने ताईची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला, दोन्ही बाजू चाचपल्या.

"काय टोचलंय?"

"हायलुरॉनिक ॲसिड."

"कुणी?"

"माझ्या बहिणीने. डॉक्टर आहे ती," ताई म्हणाली, आणि त्यात तेव्हाही थोडी ऐट होती.

"विरघळवायचा प्रयत्न केला?"

"दोनदा."

"दोनदा?" बाईंच्या कपाळाला आठी पडली. "आणि काहीच नाही? बरं. मी एकदा देते. परवा या."

परवा ताई गेली. वाटाणे होते तिथेच, होते तसेच. बाईंनी सोनोग्राफीचं यंत्र गालावरून फिरवलं, बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या आणि मग भूल देऊन आतून तीळभर तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा निकाल आला त्या दिवशी त्यांनी ताईला समोर बसवलं आणि आवाज पहिल्यांदाच मऊ केला.

"हे हायलुरॉनिक नाही. कधीच नव्हतं. ते असतं तर माझ्या इंजेक्शनने उरलंच नसतं. हे ॲक्रिलिकचे मणी आहेत, जेलमध्ये मिसळलेले. डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. कवळी कशाची करतात माहीत आहे? त्याच जातीचं प्लास्टिक. जेल जिरून जातं, मणी जन्मभर राहतात. शरीर त्यांच्याभोवती गाठ धरतं. कुणाला लगेच, कुणाला वर्षांनी, कुणाला कधीच नाही."

"मग विरघळवायचं कसं?"

"प्लास्टिक विरघळत नाही हो. स्टेरॉइड टोचून गाठी लहान करू. उरेल ते कापून काढू. सगळं निघेल असं वचन मी देत नाही."

ताई तिथून निघाली ती थेट क्लिनिककडे. आणि वाटेत तिच्या मनात काय होतं म्हणाल, तर राग नव्हता. तिच्या मनात होतं, की बिट्टीला कुणीतरी फसवलंय. खोट्या लेबलाची बाटली माथी मारलीय. पोरीचं नाव बदनाम होईल, आधी तिला सावध केलं पाहिजे. इतकी वर्षं बिट्टी रडली की धावायची सवय. ती पायांतून गेली नव्हती.

दुपारची वेळ, क्लिनिक रिकामं होतं. बिट्टी आतल्या खोलीत फ्रिज पुसत होती. ताईने धापा टाकत सगळं सांगितलं. "तुला फसवलंय गं कुणीतरी. कुठून घेतलंस ते? बाकीच्या बाटल्या आधी फेकून दे."

बिट्टीचा हात फ्रिजच्या दारावर थांबला. "हो," ती म्हणाली. "फसवलंच असणार. बघते मी. सप्लायरशी बोलते." आणि पुन्हा पुसू लागली.

आता ताईचं आयुष्य दुसऱ्यांचे चेहरे वाचण्यात गेलेलं. आवाज आणि पाठ यांच्यात काहीतरी जुळत नाही हे तिला दिसलं. माणसाला अशी बातमी कळली तर तो आधी दचकतो, मग शिव्या घालतो. बिट्टीने दोन्हींतलं काहीच केलं नव्हतं.

"इकडे बघ," ती म्हणाली. "तोंडाने नको. हातांनी सांग."

"ताई, काय हे लहान मुलांसारखं…"

"हातांनी सांग, बिट्टी."

बिट्टी वळली. फडकं खाली ठेवलं. तिचे हात वर आले, पडले, पुन्हा वर आले. तोंडाने बोलताना एवढी धीट असणारी ती, तिचे हात आता आईसमोर उभ्या राहिलेल्या मुलीचे झाले होते.

"माहीत होतं," हात म्हणाले.

"काय माहीत होतं?"

हात सांगत गेले. डॉक्टरांच्या एका परिषदेत एक विक्रेता भेटला होता. कायम टिकणारं औषध आहे म्हणाला. पेशंटना दरवर्षी सुया नको असतात, एकदाच काय ते हवं असतं. तिला ते पटलं होतं. पण नवं होतं, परवानगी आलेली नव्हती. आधी कुणावर तरी बघायला हवं होतं.

"कुणावर तरी," ताईने तीच खूण करून दाखवली. "स्वतःवर का नाही बघितलंस?"

"मला रोज पेशंटसमोर बसायचं असतं."

"आणि मला?"

बिट्टीने उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं असावं. पण हातांना सवय असते. तिच्या दोन बोटांनी हवेत एक छोटासा चौकोन काढला, बातम्यांच्या पडद्यावरचा, कोपऱ्यातला, एवढासाच, आणि मग आपण काय केलं ते कळून तिने हात झटकन मागे घेतले.

ताई त्या चौकोनाच्या जागेकडे बघत राहिली. मग सावकाश विचारलं, "विरघळवायचं इंजेक्शन दिलंस. दोनदा. त्यात काय होतं?"

"मीठ. पाणी."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. खरं देऊनही काही झालं नसतं. आणि तू शांत होत नव्हतीस." इथे बिट्टीचा बांध फुटला, ती तोंडाने बोलू लागली, भराभर, रडत. "मला वाटलं बसेल गं! बहुतेकांचं बसतं! तुझं वाईट व्हावं असं मला कधी तरी वाटेल का? तू माझी ताई आहेस. म्हणूनच तर तुझ्यावर… परक्या बाईने कोर्टात खेचलं असतं मला!"

हे ऐकल्यावर ताईला ओरडावंसंही वाटेना. तिने एवढंच विचारलं, "आणखी कुणाला दिलंयस?"

"कुणाला नाही. शप्पथ. तुझी पहिली गाठ आली तेव्हाच थांबवलं मी."

यावर ताईने विश्वास ठेवला. पुढे तिला स्वतःचा राग आला तो याच गोष्टीचा. घरी येऊन तिने बाबांना काही सांगितलं नाही. औषधाची रिॲक्शन आली, एवढंच. कानाला खडा लावला, बिट्टीच्या क्लिनिकची पायरी चढायची नाही असं ठरवलं, आणि मूग गिळून रुग्णालयाच्या वाऱ्या सुरू केल्या. स्टेरॉइडच्या सुया दुखायच्या. गाठी थोड्या बसायच्या, पुन्हा डोकं वर काढायच्या. बिट्टीचे फोन यायचे, ती घ्यायची नाही. तरी मनात कुठेतरी होतं, की जे झालं ते माझ्यापाशी संपलं. माझ्या तोंडावर निभावलं.

असंच एकदा ती रुग्णालयाच्या बाकावर नंबर यायची वाट बघत बसली होती. शेजारी एक बाई येऊन बसली. उंच, खांद्याने रुंद, केस आखूड. तोंडाला रुमाल. ती ताईकडे सारखी चोरून बघत होती. ताईला वाटलं, बातम्यांतून ओळखलं असेल.

"रागावणार नसाल तर विचारू?" बाई म्हणाली. "तुम्ही डॉक्टरबाईंच्या बहीण ना? फोटोतल्या?"

"कुठल्या फोटोतल्या?"

"क्लिनिकमधल्या. आधीचा आणि नंतरचा." बाईने रुमाल काढला. ओठांच्या दोन्ही बाजूंना आणि खाली हनुवटीपर्यंत गाठींची माळ होती, लालसर, फुगलेली. "मी पोहायला शिकवते. उन्हाने तोंड फार सुरकुतलं होतं. मी आधी नकोच म्हणत होते. मग त्यांनी तुमचा फोटो दाखवला. म्हणाल्या, सख्ख्या बहिणीला दिलंय, वाईट असतं तर दिलं असतं का? मला ते पटलं. कुणालाही पटेल ना?"

ताईने विचारलं, "केव्हा घेतलंत तुम्ही?"

"हिवाळ्यात."

ताईची पहिली गाठ पावसाळ्यातली. हिवाळ्यात ती सुट्टीवर घरी बसली होती, शेक देत. बिट्टी तिच्या गालात मिठाचं पाणी टोचत होती ते याच दिवसांत. म्हणजे इकडे ताईच्या तोंडावर गाठ आणि तिकडे ताईचाच गुळगुळीत फोटो दाखवून दुसरीच्या तोंडात तेच.

"आता पोरं मला बघून पाण्यात उतरायला बिचकतात," पोहायला शिकवणारी म्हणाली. "तुमचंही बिघडलं का हो? की तुम्ही दुसऱ्या कशासाठी आलात?"

"बिघडलं," ताई म्हणाली. "तुमच्या आधीच बिघडलं होतं. तो फोटो तुम्हाला दाखवला तेव्हा बिघडलेलंच होतं."

बाईने रुमाल पुन्हा तोंडाला बांधला. मग उठून दोन बाकं सोडून पलीकडे जाऊन बसली. ताईने तिला दोष दिला नाही.

त्याच आठवड्यात ताईने वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. पिकल्या केसांच्या डॉक्टरबाईंनी तपासणीचे निकाल जोडले. तक्रारीची बातमी बिट्टीला लागली तेव्हा ती ताईकडे आली नाही. ताई बाहेर असताना ती बाबांकडे आली.

ताई घरी परतली तर बाबा दिवा लावून, खुर्ची दाराकडे वळवून बसले होते. सत्तरी उलटलेला माणूस, तरी खूण स्पष्ट. "तक्रार मागे घे. ती चुकली. रडत होती. घरातलं घरात मिटव. माझ्या दोनच मुली."

"बाबा, तिने तुम्हाला काय सांगितलं?"

"औषध खराब निघालं. तू कोर्टात जातेस. तिचं दुकान बंद होईल. तू मोठी आहेस. लहानपणापासून तूच तिला सांभाळलंस. आताही…"

ताईने डोळे मिटून घेतले.

न ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलताना डोळे मिटणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरी कुणी तसं नाही त्यांना कळायचं नाही. तोंडावर दार आपटण्यासारखं ते. ताईने हे आईशी कधी केलं नव्हतं, बाबांशी कधी केलं नव्हतं, अगदी वयात आल्यावरच्या भांडणांतही नाही. पापण्यांच्या आत अंधार होता आणि बाबांचे हात हवेत असणार हे तिला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तरी तिने ते उघडले नाहीत.

बऱ्याच वेळाने तिच्या मनगटावर बोट टेकलं. हलकेच, विचारल्यासारखं. तिने डोळे उघडले.

"मला सगळं सांग," बाबा म्हणाले.

ताईने सगळं सांगितलं. कवळीचं प्लास्टिक, मिठाचं पाणी, फोटो, पोहायला शिकवणारी. या वेळी तिने चार तक्रारी पोचवून सहा गाळल्या नाहीत. हवेतल्या छोट्या चौकोनाची खूण तिने दाखवली तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं, पण लगेच परत वळवलं, कारण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"त्या बाईला मुलं आहेत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"माहीत नाही."

"तिच्या बाबांना माहीत आहे?"

"माहीत नाही, बाबा."

ते उठले आणि आपल्या खोलीत गेले. तक्रारीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. ना कर म्हणाले, ना करू नकोस म्हणाले.

सुनावणी झाली तेव्हा ताईखेरीज पाच बायका आल्या होत्या. पाचही जणींना तोच फोटो दाखवलेला. बिट्टी वकिलाशेजारी मान खाली घालून बसली होती. वकिलाने ताईला विचारलं, "तुम्ही स्वखुशीने खुर्चीत बसलात ना? सही करायचा कागदही मागितला नाहीत?"

"हो," ताई म्हणाली. "बहिणीकडे गेल्यावर कोण कागद मागतं?"

"म्हणजे तुमची संमती होती."

"ज्याचं नाव तिने मला सांगितलं त्याला होती. ते तर तिने मला दिलंच नाही."

बिट्टीने मान वर केली. टेबलाच्या कडेखालून, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही अशी, तिने हाताने एक छोटी खूण केली. माफ कर. ताईने ती पाहिली. उत्तर म्हणून तिचे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत.

बिट्टीची सनद काही वर्षांसाठी काढून घेतली गेली. क्लिनिकवरची पाटी उतरली. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. बिट्टी एका औषधांच्या गोदामात नोकरी करते म्हणतात. ताईच्या गाठी कापून काढल्या. सगळं निघालं नाही, पण तोंडाचा कोपरा पुन्हा वर जाऊ लागला. डाव्या बाजूला एक फिकट व्रण राहिला आणि त्याखालची जागा बधिर. चहा ओघळला तर तिला आधी बाबा सांगतात. बातम्यांतला तिचा चौकोन त्या दुसऱ्या मुलीला पक्का झाला होता. ताईने भांडण केलं नाही. रुग्णालयात न ऐकू येणारे पेशंट येतात, त्यांना डॉक्टरांचं बोलणं सांगायला ती बसते. डॉक्टर काय टोचणार आहेत, ते कशाचं आहे, नंतर काय होऊ शकतं हे ती फार हळू, फार सविस्तर सांगते. डॉक्टर घड्याळाकडे बघतात. बघू देत.

पोहायला शिकवणारी तिला तिथे अधूनमधून दिसते. आता ती मान हलवून ओळख देते. त्यापुढे दोघी काही बोलत नाहीत.

बिट्टी सुनावणीनंतर बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा बाबांना भेटायला आली, तेव्हा दार ताईने उघडलं. बिट्टी वाळली होती. तिची नजर आधी ताईच्या डोळ्यांवर गेली आणि मग, राहवलं नाही म्हणून, व्रणावर. डॉक्टरची नजर.

"छान भरलीय गं जखम," ती म्हणाली. "बघू?"

आणि तिने हात पुढे केला.

ताई मागे सरली. ठरवून नाही, अंगच मागे गेलं. पाठ भिंतीवर आपटली, खुंटीवरची छत्री खाली पडली. बिट्टीचा हात तसाच मध्ये राहिला. आतल्या खोलीच्या दारात बाबा उभे होते. छत्री पडल्याचं त्यांना ऐकू गेलं नव्हतं, पण बाकी सगळं दिसलं होतं.

"मी तुला काही करणार होते का?" बिट्टी हळूच म्हणाली.

"मला माहीत नाही," ताई म्हणाली. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

बिट्टीने वाकून छत्री उचलली, खुंटीला लावली आणि बाबांकडे आत गेली. ताईने चपला पायांत सरकवल्या आणि काही न घेता बाहेर पडली, कोपऱ्यावरच्या बागेत जाऊन बसली, बाबांच्या खिडकीतला दिवा विझेपर्यंत.

तेव्हापासून बिट्टीचा यायचा दिवस ठरलेला आहे, वेळही, दुपारची. त्या दिवशी ताई रुग्णालयातली पाळी दुपारची मागून घेते.